९५ टक्के अचूकता येऊनही मॉडेल गुठळी का ओळखत नाही?

फुप्फुसांच्या सीटी अँजिओग्राफीचा (कॉन्ट्रास्ट म्हणजे रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून दिलेले औषध वापरून केलेल्या सीटी तपासणीचा), आरएसएनए या उत्तर अमेरिकेतील रेडिओलॉजी संस्थेच्या २०२० सालच्या स्पर्धेतील डेटा घेऊन आपण स्लाइसवार, म्हणजे तपासणीतील एकेका आडव्या छेदाच्या चित्रावर, मॉडेल शिकवले, अचूकता ९५ टक्के आली, पण नव्या तपासण्यांत रक्ताच्या गुठळ्या सापडत नाहीत, असे आपण लिहिले आहे. मला इथे मॉडेलपेक्षा मोजमाप चुकलेले दिसते. त्या डेटात प्रशिक्षणासाठी ७,२७९ तपासण्यांच्या सुमारे १७ लाख ९० हजार स्लाइस आहेत आणि जेमतेम साडेपाच टक्के स्लाइसवर गुठळीची नोंद आहे. म्हणजे डोळे मिटून प्रत्येक स्लाइसला ‘गुठळी नाही’ म्हटले तरी जवळपास तेवढीच अचूकता पदरात पडते. तपासणी हे एकक धरले, तर मात्र साधारण एक तृतीयांश तपासण्यांत गुठळी आहे, आणि डॉक्टरांना उत्तर हवे असते तेही तपासणीचेच.

प्रशिक्षण आणि चाचणी या दोन भागांत आपण स्लाइस सरमिसळ करून विभागल्या आहेत का, हे आधी पाहावे. एकाच रुग्णाच्या लागोपाठच्या स्लाइस जवळजवळ सारख्या असतात, त्यामुळे त्या दोन्ही भागांत गेल्या की मॉडेल गुठळीऐवजी रुग्णच ओळखू लागते. (ही चूक मी स्वतः केली आहे आणि आकडे पाहून हुरळूनही गेलो होतो.) विभागणी रुग्णानुसारच करावी.

ग्रे छटांकडेही लक्ष द्यावे. कॉन्ट्रास्ट नीट भरलेली धमनी बहुधा २०० हाउन्सफील्डच्या (सीटीमध्ये घनता मोजण्याच्या एककाच्या) वर दिसते आणि ताजी गुठळी १०० च्या खाली. सुमारे ४,००० एककांचा सगळा पल्ला २५६ छटांत कोंबला, तर एकेका छटेत सोळा एकके जातात आणि हा फरक बोथट होतो. डायकॉम या वैद्यकीय चित्रांच्या फाइलमधील स्लोप व इंटरसेप्ट (मूळ अंक हाउन्सफील्डमध्ये बदलणारे दोन आकडे) लावून, मध्य १०० आणि रुंदी ७०० अशी विंडो, म्हणजे छटांत दाखवायचा तेवढाच पल्ला, घेतल्यास तीच छटा तीन एककांहून कमी होते.

या डेटात गुठळीची बाह्यरेषा आखलेली नाही, स्लाइसला फक्त हो किंवा नाही आहे. बाह्यरेषा हवी असेल, तर इराणमधील मशहदच्या फिरदौसी विद्यापीठाचा एफयूएमपीई संच पाहावा. मात्र त्यात ३५ च रुग्ण असल्याने मी तो पडताळणीपुरताच वापरीन. स्लाइसमधून वैशिष्ट्ये काढून त्यांचा क्रम दुसऱ्या मॉडेलला देण्याची दोन टप्प्यांची पद्धत त्या स्पर्धेतील आघाडीच्या संघांनी वापरली होती आणि मीही तीच सुचवीन. अनिर्णित ठरवलेल्या तपासण्या ‘गुठळी नाही’ या गटात मिसळू नयेत. हलल्यामुळे किंवा कॉन्ट्रास्ट अपुरा पडल्यामुळे बिघडलेल्या चित्रांचे निकाल वेगळे काढावेत.