बॅगेट की बागेत?

प्रश्न: आमच्या इथल्या बेकरीत हल्ली बॅगेट नावाचा लांबडा पाव मिळतो. मुलगा म्हणतो, बॅगेत घालून नेतात म्हणून बॅगेट! खरा अर्थ काय? आणि हा पाव नेपोलियनच्या सैनिकांसाठी काढला म्हणतात, ते खरं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: मुलाचं डोकं भारी चालतंय, पण बॅगेचा काही संबंध नाही हो. फ्रेंचमध्ये याचा अर्थ काठी किंवा छडी, आणि उच्चार आपल्या 'बागेत'च्या बराच जवळ जातो. जादूगाराची छडी पण बागेत, ऑर्केस्ट्रावाल्याच्या हातातली काडी पण बागेत, चॉपस्टिक्स पण त्याच. शब्द आला इटालियन 'बाक्केत्ता'वरून, त्याच्या मागे लॅटिन 'बाकुलुम' म्हणजे दांडका. सराफाकडे बॅगेट डायमंड बघितले असतील ना, लांबट चौकोनी, तिथेही हाच शब्द.

नेपोलियनची गोष्ट मात्र सोडून द्या, सैनिक म्हणे पँटच्या पायात पाव खोचून चालायचे, आता साधारण 60 सेंटिमीटरचा तो पाव मांडीला लावून कोण मार्च करणार, आणि याला पुरावा काहीच नाही. दुसरी थिअरी जरा बरी आहे. 1919 मध्ये फ्रान्सने बेकरीवाल्यांना रात्री 10 ते पहाटे 4 कामाला बंदी घालणारा कायदा केला, मग सकाळच्या गिऱ्हाइकासाठी पटकन भाजून होणारा बारीक पाव आला, असं सांगतात. पण लांब पाव पॅरिसमध्ये 19व्या शतकातच होते, त्यामुळे पाव कायद्याने जन्माला घातला असं नाही म्हणता येत, फार तर त्याची चलती वाढली असेल. पावाला 'बागेत' हे नाव मात्र 1920 च्या आसपासच चिकटलं.

आणि 'ट्रॅडिशन' बागेत म्हणून विकायचा तर 1993 च्या नियमाप्रमाणे पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण, एवढ्यावरच भागवायचं, अ‍ॅडिटिव्ह नाहीत, फ्रीझ केलेला मळलेल्या पिठाचा गोळा नाही. 2022 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत पण गेलाय तो, म्हणजे तो बनवायची कला.

तुमच्या बेकरीतला घेताना हलका दाबून बघा, वरचं कवच कुरकुरलं तर घ्या, नुसता दबला तर तो लांब केलेला सँडविच ब्रेड समजा.