दवाखान्यातून मिळालेली पुस्तिका वाचून मामाजींची बिडी सुटेल का?

ताई, तुम्ही विचारलंय की मामाजी रोज कट्टाभर बिड्या ओढतात, आता सोडतो म्हणतात, तर दवाखान्यातून आणलेली पुस्तिका पुरेल का?

उपयोग होतो, पण एकट्या पुस्तिकेचा थोडाच. कॉक्रेन या आरोग्यावरचं संशोधन तपासणाऱ्या संस्थेने २०१९ मध्ये अशा छापील साहित्यावरच्या चाचण्या एकत्र तपासल्या. ज्यांना काहीच मदत नव्हती त्यांच्यापेक्षा साहित्य मिळालेल्यांत सोडणारे जरा जास्त निघाले. म्हणून ती फेकू नका. मी गोंदिया जिल्ह्यात आशा म्हणून काम करते. माझं म्हणणं एवढंच, की पुस्तिका वाचून कपाटात ठेवायची नसते, ती भरायची असते.

बऱ्याच पुस्तिकांत नोंदीचा तक्ता असतो. नसेल तर नातवाच्या वहीत रेघा मारा: वेळ, जागा, कशानंतर. मामाजींना वाचता येत नसेल तर नातवाला लिहू द्या. आठवडाभरात दिसेल, की सकाळच्या चहानंतरची, धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर (बांधावर) बसल्यावरची आणि संध्याकाळी पानठेल्यावरची, या तीन बिड्या खऱ्या अवघड आहेत. बाकीच्या नुसत्या हाताच्या सवयीच्या. त्या तिघींसाठी आधीच काहीतरी ठरवून ठेवा. चहा अंगणाऐवजी चुलीजवळ द्या, खिशात आगपेटीऐवजी सोप (बडीशेप) ठेवा, आणि निदान पहिला महिना पानठेल्याची वाट बदला. तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ त्यांच्याशी कोणीतरी बोलत राहिलं पाहिजे. पहिला आठवडा चिडचिड होईल, झोप उडेल. तेव्हा घरात कोणी टोमणा मारू नका, हे मी हात जोडून सांगते.

बिडी सोडायची तारीख धानाचं रोवणं (लावणी) आटोपल्यावरची धरा. कामाच्या धबडग्यात, सोबतचे सगळे ओढत असताना सोडणं फार जड जातं.

आपल्या भागातली एक गोष्ट पुस्तिकेत क्वचितच असते. बिडी सुटली की लोक खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू घोटून केलेला, धरतात. त्यातही तंबाखूच आहे, तोंडाचा कॅन्सर त्यानेही होतो. ‘थोडासा चालतो’ म्हणू देऊ नका.

आणि पुस्तिकेसोबत माणूस हवाच. १८००-११-२३५६ हा सरकारी फोन फुकट आहे, तंबाखूच्या पाकिटांवरही छापलेला असतो, तिथे समुपदेशक बोलतात. सकाळी उठल्या उठल्या बिडी लागत असेल तर डॉक्टरांना निकोटिनच्या चावायच्या गोळीबद्दल (निकोटिन गम) विचारा. ती साध्या च्युइंगमसारखी सतत चघळायची नसते, थोडी चावून गालात धरायची असते.