दुसरी ओळ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

एकांकिका प्राथमिक फेरीतच बाहेर पडली, हे तुझ्या मेसेजवरून कळलं. खाली तू लिहिलं होतंस, "बाई, शंभर वर्षांनी कुणाला काय पडलंय? मग लिहायचं तरी कशाला?" हे फोनवर बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून कागद घेऊन बसले.

आपलं नाव मागे राहावं असं वाटतं, यात लाजण्यासारखं काही नाही. पत्राच्या पहिल्याच शब्दात मी तुला तेच तर दिलंय. धाकट्याला पत्र लिहायचं म्हटलं की आपल्या भाषेला सगळ्यात आधी सुचतं ते 'चिरंजीव'.

तलावपाळीवरून जाताना तुला रोज गडकरी रंगायतन दिसतं. नाटककार राम गणेश गडकरी 23 जानेवारी 1919 ला गेले, तेव्हा त्यांना चौतिसावं चालू होतं. 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं ते त्यानंतर महिन्याभराने, बडोद्याला. त्या नाटकाची एकही टाळी त्यांच्या कानावर पडली नाही. आणि नाटकातली पदं? ती विठ्ठल सीताराम गुर्जरांची. पदं अजून गातात, पण गुर्जरांचं नाव विचारलं की बहुतेक जण गप्प होतात. मला दर वेळी याचं वाईट वाटतं. तुझ्या एकांकिकेला ज्याने संगीत दिलं, त्याचं नाव संहितेवर आहे का? नसेल तर आजच घाल.

या ठाण्यावर शिलाहारांचं राज्य होतं. बाराव्या शतकातल्या त्यांच्या अपरादित्य राजाने याज्ञवल्क्यस्मृतीवर टीका, म्हणजे भाष्य, लिहिली आणि ती थेट काश्मीरपर्यंत पोचली. त्याने लढाया किती जिंकल्या हे कुणी विचारत नाही, पण धर्मशास्त्राच्या अभ्यासकाला त्याची ती टीका, 'अपरार्क', आजही उघडावी लागते. पराक्रमसुद्धा कागदाच्याच आधाराने राहतो बघ. 1737 मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला, पुढे 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. ती झुंज आपल्याला इतकी ठाऊक आहे, कारण त्या वेळची पत्रं कुणीतरी दप्तरात बांधून ठेवली.

पण मला तुझ्याशी खरं बोलायचंय ते अंबरनाथच्या शिवमंदिराबद्दल. नववीत आपली सहल तिथे गेली होती. मंदिरात शिलालेख आहे, शके 982 चा, म्हणजे 1060 सालचा, आणि त्यात शिलाहार राजा मुम्मुणीचं नाव आहे. मी ते सांगत होते आणि सगळा वर्ग पायऱ्या उतरून गाभाऱ्यात पळाला होता. तू तेवढा बाहेर भिंतीपाशी राहिलास. एका नर्तकीच्या पायाकडे बघत होतास. ऊनपावसाने तिचा चेहरा पार झिजलाय, नाक कुठलं आणि ओठ कुठले ते कळत नाही. पण टाच उचललेली आहे, सगळा भार चवड्यावर आलाय आणि पोटरी ताणलेली आहे. तू म्हणालास, "बाई, हिचा पाय भरून आला असेल ना?"

तो पाय कोणी घडवला, ते नाव आपल्यापर्यंत आलं नाही. राजाचं आलं. तरी साडेनऊशे वर्षांनी एका पोराच्या पोटरीत कळ उठवली ती त्या पाथरवटाने, मुम्मुणीने नव्हे. माझ्या मनाला विचारशील तर दोघांत तोच जास्त जिवंत आहे. त्याने त्या टाचेकडे जितकं लक्ष दिलं असेल, तितकं तू तुझ्या एखाद्या वाक्याकडे दिलंस का? तुझी संहिता मी दोनदा वाचली. आई दार लावून घेते तो प्रवेश तसा उतरलाय. बाकीचं तू परीक्षकांसाठी लिहिलंयस.

आता दुसरी गोष्ट. दगड आपल्या बळावर उभा राहतो, कागदाला माणूस लागतो. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1 जून 1893 ला सुरू झालं, तेव्हा ते उभारणाऱ्यांतले विनायक लक्ष्मण भावे बावीस वर्षांचेही नव्हते. तुझ्याच वयाचे. पुढे त्यांनी जुन्या कवींच्या पोथ्या आणि बाडं मिळवून वाचली, 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिलं, अप्रकाशित जुनी कविता छापायला मासिक काढलं. त्या कवींनाही कधीतरी वाटलंच असेल, शंभर वर्षांनी कुणाला काय पडलंय. भाव्यांना पडलं होतं! आणि दुसऱ्यांची नावं सांभाळता सांभाळता त्यांचंही राहिलं.

हे मी तुला एवढं पोटतिडकीने का सांगते, तेही ऐक. माझी आजी कळव्याची. दळताना ओव्या म्हणायची, त्यातल्या कितीतरी तिने स्वतः जुळवलेल्या. मी तेव्हा बी.ए.ला मराठी घेतलं होतं, वर्गात ओवीछंदावर पानंच्या पानं टिपणं काढत होते, आणि घरी येऊन आजीची एक ओवी उतरवून घेतली नाही. ती कुठे जातेय, असं वाटायचं. ती गेली. आज माझ्याकडे एकच ओळ उरलीय:

खाडीला आली भरती, दारी लागली गं होडी

दुसरी ओळ येत नाही. जात्याची घरघर येते, तिच्या बांगड्यांचा आवाज येतो, पण होडीतून कोण उतरलं ते आठवत नाही. पंचेचाळीस वर्षं झाली. भावंडांना विचारून झालं, कुणालाच येत नाही.

घणसोलीची तुझी आजी धवलारीण आहे, हे तू एकदा वर्गात मान खाली घालून सांगितलं होतंस. आगरी लग्नात हळदीपासून धवले, म्हणजे विधींची गाणी, म्हणणारी बाई म्हणजे तोंडपाठ ग्रंथ असतो रे. तिच्यामागे तो कोण म्हणणार आहे? नवी एकांकिका सुरू करशीलच, कर. पण त्याआधी चार रविवार तिच्याकडे जा. फोनवर रेकॉर्ड कर आणि त्याच दिवशी वहीत उतरव, फोनचा भरवसा धरू नकोस. ती म्हणत असताना मध्येच थांबवू नकोस, अडलेला शब्द नंतर विचार. कोणता धवला कोणत्या विधीला, तो तिला कुणी शिकवला, तेही लिही. आणि तिचं पूर्ण नाव, माहेरच्या नावासकट, पहिल्या पानावर.

वही दोनशे पानी घे. शंभर पानी पुरायची नाही.

तुझी,
बाई