डार्ट विकण्याआधी

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

सासऱ्यांची डार्ट, म्हणजे ती जुनी अमेरिकन डॉज गाडी, चकाचक रंगवून मग विकायची, असं तू लिहितोस. रंगाऱ्याला अजून पैसे दिले नसशील तर देऊ नकोस.

१९६८ची हेमी डार्ट, म्हणजे ‘हेमी’ नावाचं दांडगं इंजिन बसवलेली डार्ट, शोरूमसाठी बनलीच नव्हती, ती शर्यतीसाठीच होती. डॉजची मालक कंपनी क्रायस्लर, तिच्या सांगण्यावरून हर्स्ट या कंपनीने मिशिगनमध्ये अशा सुमारे ८० गाड्या तयार केल्या. ४२६ घनइंचांचं इंजिन, बॉनेट आणि पुढचे मडगार्ड फायबरग्लासचे, काचा पातळ, मागची सीट गायब. गाडी यायची ती नुसत्या प्रायमरमध्ये. रंग द्यायचा तो घेणाऱ्याने. त्यामुळे ‘कंपनीचा मूळ रंग’ हा प्रश्नच इथे गैरलागू. पहिल्या रेसरने मारलेला रंग, दारावर हाताने लिहिलेलं नाव, शर्यतीतल्या वर्गाचा (क्लासचा) नंबर, हाच तिचा इतिहास. तो खरवडलास तर उरेल एक देखणी डार्ट, आणि हेमी बसवून अशी देखणी डार्ट कुणीही करू शकतो. नकली गाड्या तशाच होतात.

म्हणून आधी डॅशबोर्डवरचा नंबर बघ. सुरुवात एलओ२३ने व्हायला हवी. तो पुढच्या काचेतून दिसतो, स्वच्छ फोटो काढ. मग माळा उपस. सासऱ्यांसारखी माणसं काही फेकत नाहीत: ड्रॅगस्ट्रिपवरच्या, म्हणजे पाव मैलाच्या सरळ शर्यतपट्टीवरच्या, वेळेच्या चिठ्ठ्या, कृष्णधवल फोटो, पहिली पावती. पॉलिशपेक्षा या कागदांना जास्त भाव आहे. फोटोंच्या मागे काही लिहिलंय का, तेही पाहा.

इंजिन पहिलं नसेल, तर खाली मान घालायचं कारण नाही. पाव मैल जीव तोडून पळणाऱ्या गाडीचे ब्लॉक फुटतातच. रुंद टायरसाठी मागची चौकट कापली असेल, तर ते मात्र गिऱ्हाइकाने विचारायच्या आधी तूच सांग. जाणकार गाडीखाली आडवा होऊन दोन मिनिटांत ओळखतो, आणि लपवलंस असं वाटलं की तुझ्या खऱ्या कागदांवरही त्याचा विश्वास राहत नाही.

लिलावाचं म्हणशील, तर जानेवारीत फ्लोरिडात किसिमीला मोठा बाजार भरतो. पण राखीव किंमत न ठरवता अशी गाडी तिथे नेणं मला धाडसाचं वाटतं. आधी जुन्या सुपर स्टॉकवाल्यांना, म्हणजे अशा गाड्या ज्या शर्यत-वर्गात धावत त्यातल्या जुन्या मंडळींना, दाखव. त्यांच्यातल्या कुणाला ही गाडी धावताना पाहिल्याचं आठवत असेल, तर त्याच्याकडून चार ओळी सहीनिशी लिहून घे. सासूबाईंना पैशांची घाई आहे का, तेवढं विचारून कळव. नसेल तर वसंतापर्यंत थांबू.

तुझा,
काका