“चूक माझीच होती ना मॅडम?”

माझ्याकडे समुपदेशनाला पुण्याजवळच्या भोसरी, चाकण, तळवडे या कारखान्यांच्या पट्ट्यातले बरेच कामगार येतात आणि फिरून फिरून एकच विचारतात, की मशीनमध्ये गडबड आहे हे रोज दिसतंय पण बोललो तर उद्या गेटवरच थांबवतील, मग गप्प बसायचं का? मागे मला एका दादांनी या प्रश्नाचं उत्तर शोधायला भाग पाडलं, त्यांची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहितेय.

पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनवर ऑपरेटर, वय तिशीचं, गाव लातूरकडचं. उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट मुळापासून गेलेलं. बायको सोबत आली होती, तीच बोलत होती, हे रात्रीत चार चारदा उठतात, शेजारच्या टेम्पोचा फाळका आदळला तरी दचकतात, मुलीला जवळ घेत नाहीत. दादा हात खिशात घालून बसलेले. बऱ्याच वेळाने एकच वाक्य बोलले, “चूक माझीच होती ना मॅडम, सेन्सर मीच बंद केला होता.”

मी त्यांना फक्त त्या रात्रीची शिफ्ट सांगायला लावली, पहिल्या तासापासून. आठ तासांची शिफ्ट आणि वर ओव्हरटाईम, म्हणजे अकरावा तास चालू होता. हेल्पर आला नव्हता. सेन्सर म्हणजे हात आत असला की प्रेस थांबवणारा, पण तो मधेच प्रेस थांबवायचा म्हणून दोन आठवड्यांपूर्वी सुपरवायझरने सांगितलं की बायपास कर, टार्गेट बघ. हात आत राहू नयेत म्हणून दोन्ही हातांनी दाबायची बटणं होती पण त्यातलं एक कायमचं दाबून ठेवलेलं. चिमटा हरवलेला, जॉब, म्हणजे पत्र्याचा तुकडा, हातानेच लावायचा. आणि तो प्रेस आधीही डबल स्ट्रोक मारायचा, म्हणजे एकदा दाबलं की दोनदा खाली यायचा, क्लचची की झिजली की होतं असं, हे सगळ्यांना माहीत होतं, तोंडी सांगूनही झालं होतं.

मग कागदावर एक गोल काढला आणि म्हटलं, यात ज्याचा ज्याचा वाटा आहे त्याला भाकरीच्या तुकड्यासारखा वाटून द्या, स्वतःचा तुकडा सगळ्यात शेवटी. क्लच, टार्गेट, सुपरवायझर, अकरावा तास, चिमटा, हेल्पर असं करत करत शेवटी त्यांच्या वाट्याला चिंचोळी फट उरली. ती त्यांनी बराच वेळ बघितली. रडले. मी काही बोलले नाही. ती फट पुसून टाकायची नव्हतीच, पण अख्खा गोल स्वतःच्या डोक्यावर घेऊन माणूस झोपू शकत नाही हो.

इथे एक सांगते, अपघातानंतर पहिले काही आठवडे असं दचकणं, तेच तेच डोळ्यासमोर येणं बऱ्याच जणांना होतं. महिना उलटला तरी कमी होत नसेल तर मानसोपचार तज्ज्ञांकडे जायलाच हवं, यांनाही मी पाठवलं.

आता पैशाचं. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, होतं हे नशीब. बऱ्याच जणांचं कार्ड अपघाताच्या दिवशीच निघतं, म्हणून आपलं कार्ड आहे का हे आजच बघा. मालकाचंच काम करताना नियम मोडला गेला तरी ईएसआयमध्ये ती कामावरचीच इजा धरली जाऊ शकते, त्यामुळे “चूक तुझी, आता काही मिळणार नाही” हे कोणी सांगितलं म्हणून घरी बसू नका. कायद्याच्या तक्त्यात अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली असं धरतात, त्या शेजारच्या बोटाला १४. ते ऐकून दादा म्हणाले, “चौदाच? मला चपातीचा तुकडा मोडता येत नाही मॅडम.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिसऱ्या वेळेला, दादांना विचारूनच, मालक भेटायला आले. मला वाटलं होतं वाद घालतील. पण त्यांची स्वतःची करंगळी अर्धी होती, तरुणपणी तेही प्रेसवरच होते, आणि आमच्या लाईनमध्ये बोट गेल्याशिवाय ऑपरेटर तयार होत नाही असं ते वर्षानुवर्षं अभिमानाने सांगत आलेले. त्या रात्री ते बोट रुमालात गुंडाळून हॉस्पिटलला पळाले होते ते हेच. तेव्हापासून त्यांनाही झोप नव्हती. प्रेस बंद, इन्स्पेक्टरची चौकशी, ऑर्डर लेट, दिवाळीला गावी गेलेले तीन ऑपरेटर परत आलेच नाहीत. म्हणाले, “सेन्सर रिपेअरला टाकला असता तर दोन दिवस गेले असते फक्त.” मशीनला गार्ड हवं हे १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्येही होतं, त्यांना ते माहीतही होतं, पण बोट जाणं हा धंद्याचा भागच मानला की गार्ड हा फालतू खर्च वाटायला लागतो.

तर बोलायचं का? बोला, पण एकट्याने नको, दोघं तिघं मिळून जा. “सेफ्टी नाही” असं मोघम बोललं की भांडण वाटतं, त्यापेक्षा “चार नंबरचा प्रेस डबल स्ट्रोक मारतोय, क्लच बघून घ्या” असं नेमकं सांगा, आणि सुपरवायझरला व्हॉट्सॲपवर लिहूनही टाका, तारीख राहते. तरी ऐकलं नाही तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार करता येते. नोकरी जाणारच नाही अशी हमी मी देत नाही, खोटं होईल ते. पण दादांनी तोंडी सांगितलेलं कोणालाच आठवत नव्हतं, हे मी बघितलंय.

दादा आता त्याच कंपनीत क्वालिटीला आहेत, गेज लावून पीस तपासतात, प्रेसच्या लाईनकडे अजून जात नाहीत. किती टक्के नुकसान ते ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. परवा वहिनींचा फोन आला होता, रात्री आता एकदाच उठतात म्हणाल्या.