गर्भात किडनी खरंच तीन वेळा तयार होते का? मग पहिल्या दोन जातात कुठे?

हो, खरं आहे. मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवते, आणि भ्रूणाच्या वाढीतला हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो.

पहिली जोडी, प्रोनेफ्रॉस, चौथ्या आठवड्यात मानेच्या भागात दिसते. माणसात ती कधी काम करत नाही, थोड्याच दिवसांत विरून जाते. दुसरी, मेसोनेफ्रॉस, तिच्या खाली छातीपासून कमरेपर्यंत तयार होते आणि काही आठवडे थोडंफार मूत्रही तयार करते. तीही जाते, पण तिची नळी उरते. मुलग्यांमध्ये पुढे शुक्राणू वाहून नेण्याचं काम हीच नळी करते. त्याआधी, पाचव्या आठवड्यात, या नळीच्या खालच्या टोकाजवळ एक छोटा अंकुर फुटतो. आपली कायमची किडनी इथून सुरू होते.

या अंकुराशेजारी ब्लास्टेमा नावाचा पेशींचा पुंजका असतो. तो जीडीएनएफ हे प्रथिन सोडतो आणि त्याच्या ओढीने अंकुर पुंजक्यात शिरतो. आत शिरल्यावर त्याला फांद्यांमागून फांद्या फुटत जातात. आता उलट्या दिशेने निरोप जातो: प्रत्येक फांदीचं टोक आसपासच्या पेशींना नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म नलिका, बनवायला लावतं. मूत्रवाहिनी आणि मूत्र गोळा करणाऱ्या नळ्या अंकुरातून येतात, नेफ्रॉन पुंजक्यातून, आणि शेवटी दोन्ही एकमेकांना जोडले जातात. 1950 च्या दशकात क्लिफर्ड ग्रोबस्टाइन यांनी उंदराच्या भ्रूणातले हे दोन भाग वेगळे करून वाढवून पाहिले. एकेकटे ते वाढेनात, एकत्र ठेवले की वाढू लागले.

म्हणून अंकुर फुटलाच नाही किंवा पुंजक्यापर्यंत पोचला नाही, तर त्या बाजूची किडनी तयारच होत नाही. साधारण हजारात एक बाळ एकाच किडनीसह जन्मतं, आणि बहुतेकांचं आयुष्य नीट जातं. दोन्ही नसतील तर मात्र गर्भजल नीट तयार होत नाही, कारण गर्भारपणाच्या उत्तरार्धात ते मुख्यतः बाळाचं मूत्रच असतं. आणि त्या पाण्याशिवाय फुप्फुसं वाढत नाहीत.

किडनी तयार होते ओटीपोटात, मग नवव्या आठवड्यापर्यंत वर कमरेच्या पातळीला सरकते. दोन्हींची खालची टोकं जुळलेली असली, तर आतड्याकडे जाणारी एक रोहिणी वाटेत आडवी येते आणि ती जोडकिडनी खालीच अडकते. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये 'हॉर्सशू किडनी' लिहितात ती हीच.

नवे नेफ्रॉन साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंतच तयार होतात. त्यानंतर आयुष्यभर एकही नवा येत नाही. त्यामुळे फार लवकर जन्मलेल्या बाळांना नेफ्रॉन कमी मिळण्याची शक्यता असते. तुमच्या घरात असं मूल असेल, तर ते मोठं झाल्यावरही डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगा आणि रक्तदाब अधूनमधून तपासून घ्या.