बीपीची गोळी चालू असताना सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं, लिंगाच्या ताठरतेसाठीचं औषध) घेतली तर चालते का?
बीपी आटोक्यात असेल आणि अ‍ॅम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारून सहसा चालते. पण सॉर्बिट्रेट किंवा दुसरं कुठलंही नायट्रेट (हृदयविकारात छातीत दुखण्यावरचं औषध) घेत असाल तर अजिबात नाही. मी फार्मासिस्ट आहे. काउंटरवर लोक बीपीच्या गोळ्या सांगतात, पाकिटात ठेवलेली जिभेखालची नायट्रेटची गोळी मात्र विसरतात, आणि खरा धोका तिचाच. सिल्डेनाफिल आणि नायट्रेट, दोन्ही औषधं रक्तवाहिन्या सैल करतात. एकत्र आली की बीपी धाडकन कोसळतं. निकोरँडिल या छातीदुखीवरच्या औषधाचंही तेच. सिल्डेनाफिलनंतर २४ तास, त्याच प्रकारच्या टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट नको. तेवढ्यात छातीत दुखलंच, तर दवाखाना गाठा आणि लाज न बाळगता आधी ही गोळी घेतल्याचं सांगा. बीपीसाठी प्राझोसिन किंवा प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालू असेल, तर सिल्डेनाफिलची सुरुवात २५ मिलिग्रॅमपासून. उठताना चक्कर येऊ शकते.